पोस्टग्रेस १४.४: बग सुधारला की पळ काढला?

बर्डीकर:
पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १४ मध्ये क्रिएट इंडेक्स कन्करंटलीत, म्हणजे टेबलवरचं लिहिणं न थांबवता इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बनवायच्या कमांडमध्ये, एक ऑप्टिमायझेशन घातलं होतं. इंडेक्स बनत असला तरी व्हॅक्यूमनं (मेलेल्या, म्हणजे बदललेल्या-पुसलेल्या जुन्या ओळी साफ करणाऱ्या कामानं) त्याच्यासाठी अडून राहायचं नाही. झालं काय, इंडेक्स बनताना अपडेट झालेल्या काही ओळी इंडेक्सात यायच्या राहूनच गेल्या. पावती टेबलात बसलेली असते आणि इंडेक्सनं शोधलं की "नाही" म्हणतो. जून २०२२ मध्ये १४.४ आलं, त्यात ते ऑप्टिमायझेशनच काढून टाकलं. माझ्या मते बरोबर केलं.

महालवाला:
याले सुधारणं म्हणते का राजा? कुलरची मोटर आवाज करते म्हणून कुलरच बंद केला, आता बसा मे महिन्यात नागपुरात! आमच्या मोठ्या टेबलचा इंडेक्स चार तास बनत राह्यते, तेवढा वेळ व्हॅक्यूम दुसऱ्या टेबलांत तवापासून मेलेल्या ओळीही उचलत नाही. ज्या टेबलवर इंडेक्स बनून राहिला तेवढ्यापुरतंच थांबवाचं होतं ना, सगळंच काहून काढलं?

बर्डीकर:
अरे भाऊ, टेबल फुगलं तर डिस्क घेता येते. इंडेक्स खोटं बोलला तर युनिक (एक नंबर एकदाच) असूनही त्याच नंबरची दुसरी पावती आत जाते, अन् आठ महिने कुणाला पत्ता नाही. असा कोड चालू रिलीजमध्ये अंदाजानं शिवायचा का?

गोधनी_लोकल:
तुमचं भांडण चालू द्या, पण अपग्रेड केलं म्हणून निवांत बसू नका, आम्ही बसलो होतो 😅 १४.४ नं जुना बिघडलेला इंडेक्स आपोआप नीट होत नाही, तो पुन्हा बनवावाच लागतो, रिलीज नोटमध्ये स्पष्ट लिहिलंय आणि आमच्यात कुणी वाचलंच नव्हतं. शेवटी पीजी-अमचेक हे तपासणीचं टूल हीप-ऑल-इंडेक्स्ड (टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्सात आहे का ते बघणारा पर्याय) लावून चालवलं तेव्हा तीन बिघडलेले इंडेक्स सापडले. माझं तर म्हणणं, कन्करंटलीच्या भानगडीतच कशाला पडता, रात्री साधा क्रिएट इंडेक्स मारा, शेअर लॉक लागतो, वाचणं चालू राहतं, फक्त लिहिणं थांबतं.

महालवाला:
फक्त लिहिणं म्हणे. माझा क्लायंट कळमन्याच्या बाजारातला आहे बावा, त्याच्या गाड्या रात्रीच लागतात आणि एंट्री तवाच होते. त्याले तूच फोन करून सांग.