शब्दचर्चा : ‘परका’, ‘परग्रहवासी’ की ‘अगम्य’?

प्रश्न : माणसाशी काडीचेही साम्य नसलेल्या समाजाची रीतभात रंगवणाऱ्या कथांवर मी एक लेख लिहीत आहे. मी ‘परग्रहवासींच्या कथा’ असे लिहिले होते, त्यावर ‘परक्या संस्कृतीच्या कथा’ अशी दुरुस्ती सुचवण्यात आली. मला दोन्ही शब्द तोकडे वाटतात. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (वेंगुर्ले) : ‘परग्रहवासी’ हा शब्द केवळ पत्ता सांगतो. मंगळावर राहणारा, पण आपल्यासारखाच मानपानावरून रुसणारा आणि बांधावरून भांडणारा जीवही परग्रहवासीच ठरेल. ‘परका’ या शब्दाची अडचण निराळी आहे. परका म्हणण्यासाठी समोर ‘आपला’ असावा लागतो आणि ही सीमा सतत हलत असते. घरात वाढणाऱ्या लेकीलाही लोक परक्याचे धन म्हणत आले आणि बाहेरून आलेला शेजारी चार पावसाळ्यांत आपला होऊन गेला. ‘उपरा’ तर जमिनीला बांधलेला शब्द आहे, कारण जुन्या गावव्यवस्थेत जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेल्या वतनदार मिरासदारासमोर तसा हक्क नसलेले उपरी कूळ उभे असे. हे सारे शब्द माणसामाणसांतल्या अंतराचे आहेत. पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांच्या ‘सोलारिस’ (1961) या कादंबरीत एक ग्रह व्यापून राहिलेला महासागर आहे; शास्त्रज्ञांच्या पिढ्या त्याचा अभ्यास करतात, तो त्यांच्या आठवणींतली माणसे घडवून त्यांच्यापुढे उभी करतो, पण का, हे कळत नाही. त्याला परका म्हणणे म्हणजे तो कधीकाळी आपला होऊ शकला असता असे मानणे. तेथे ‘अगम्य’ म्हणावे, कारण या शब्दात ‘गम्’, म्हणजे जाणे, हा धातू आहे : जेथे आपली पोहोच नाही ते.

प्रत्युत्तर (रत्नागिरी) : ‘अगम्य’ला माझा आक्षेप आहे. त्याला ईश्वरी लीलेचा वास येतो आणि डॉक्टरांच्या अक्षरालाही आपण तोच शब्द वापरतो. शिवाय अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (1969) मधला गेथेन ग्रहावरचा समाज मुळात मानववंशीयच आहे, पण तेथे कायमचा स्त्री-पुरुष भेद नाही. तो अनोळखी खरा, पण अगम्य नव्हे. पाहुणा दूत चुकत चुकत का होईना, त्याला ओळखू लागतो.

उत्तर (वेंगुर्ले) : आक्षेप रास्त आहे आणि तो मला मान्य आहे. गेथेनसाठी ‘अनोळखी’च योग्य. त्या कादंबरीत तेथील लोकांच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेसाठी ‘शिफ्ग्रेथोर’ हा शब्द मूळचाच ठेवला आहे. त्याचे मूळ सावली या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे असे तेथेच सांगितले आहे. आपल्याकडे कोणीही अनुवादक त्याजागी ‘मान’ लिहून मोकळा होईल. पण आमच्या गावात ‘मान’ ही भावना नसून हक्क आहे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे तो मान ठरवतो आणि त्यावरून माणसे कोर्टाची पायरी चढतात. गेल्या शिमग्याला पुण्याहून आलेले माझे एक स्नेही देवळात गोंधळून गेले. ‘गाऱ्हाणे घालायचे आहे’, म्हणजे देवाला विनवणी करायची आहे, हे ऐकून त्यांनी हळूच विचारले, ‘कोणाविरुद्ध?’ ‘तरंग’ निघाले म्हणताच त्यांनी समुद्राकडे पाहिले, आणि समोरून देवाच्या सजवलेल्या काठ्या आल्या. गुरवाने ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना लावून कौल, म्हणजे देवाचा होकार-नकार, मागितला आणि सारे गाव पाकळीकडे डोळे लावून निमूट बसले. पाकळी पडेना. स्नेह्यांची चुळबुळ पाहून शेजारचे आजोबा म्हणाले, ‘देव अजून बोलूक नाय.’ यांतला एकही शब्द स्नेह्यांना नवा नव्हता, म्हणून तर ते अधिक फसले. अशा कथांचे लेखक दर पानावर नवे उच्चार घडवतात, ते बऱ्याचदा नुसते कडबोळे असते. खरे अनोळखीपण ओळखीच्या शब्दातून फसगत झाल्यावर कळते, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग ‘सोलारिस’साठी ‘अगम्य’, गेथेनसाठी ‘अनोळखी’, आणि ‘परग्रहवासी’ फक्त पत्ता सांगायचा असेल तेथे, असे ठेवतो. ‘शिफ्ग्रेथोर’ मात्र तसाच राहील, कंसात अर्थ न देता.