मॉनिटर आर्म: मानेची गरज की टेबलाला जाच?

चौथा मजला
तीन महिने मॉनिटर आर्म (टेबलाच्या कडेला स्क्रूच्या जबड्याने, म्हणजे क्लॅम्पने, पकडून मॉनिटर उचलून धरणारा घडीचा दांडा) वापरून काल काढून ठेवला. तेव्हापासून मॉनिटर पाटावर आहे. होय, स्वयंपाकघरातल्या पाटावर. मान दुखत नाही, टेबलही वाचलं.

हकीकत अशी. २७ इंची मॉनिटर, स्टँडशिवाय ४.६ किलो. ऑनलाइन मागवलेलं १२० बाय ६० सेंटिमीटरचं टेबल, वरची फळी १८ मिमीची. आर्म गॅस स्प्रिंगवाला (आत दाबलेल्या वायूच्या जोरावर वजन तोलणारा), कागदावर २ ते ९ किलोपर्यंत चालणारा. म्हणजे हिशेबात सगळं बसत होतं. तिसऱ्या आठवड्यात टाइप करताना स्क्रीन थरथरायला लागला. मला वाटलं क्लॅम्प ढिला झाला, म्हणून आणखी आवळला. मग एका संध्याकाळी क्रिकेट बघायला स्क्रीन पुढे ओढला आणि 'कट्' असा आवाज आला. खाली वाकून पाहिलं तर क्लॅम्पची चकती फळीत रुतलेली, भोवतीने भुसा बाहेर. वरचा लॅमिनेट मागच्या कडेला नखाएवढा उचललेला.

माझं मत: एकच स्क्रीन असेल तर आर्म ही निव्वळ हौस आहे. उंचीच हवी असेल तर पाट आहे, जुने दिवाळी अंक आहेत. आर्मचे गोडवे गाणारे सगळे व्हिडिओ टेबलाबद्दल मात्र गप्प असतात.

सुतारपक्षी
गुन्हा फळीचा आणि फाशी आर्मला, असं झालं हे.

थोडा हिशेब करू. तुमचा मॉनिटर पुढे ओढलात तेव्हा तो खांबापासून साधारण ५० सेंमी पुढे गेला असणार. ४.६ गुणिले ५०, म्हणजे २३०. हा तोल सावरायला क्लॅम्पकडे जागा किती? खालच्या चकतीपासून वरच्या प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत धरा ८ सेंमी. २३० भागिले ८, जवळपास २९ किलो. आर्मचं स्वतःचं वजन आणि तुम्ही आवळलेला स्क्रू यात धरलेलाच नाही. एवढा जोर खालून कोण लावतंय, तर पाणीपुरीच्या पुरीएवढी चकती. आणि कशावर, तर लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेल्या फळीवर. तिच्या खालच्या बाजूला बहुतेकदा लॅमिनेटही नसतो, पावसाळ्याची दमट हवा शोषून ती आणखी मऊ पडते. थरथर सुरू झाल्यावर तुम्ही क्लॅम्प आवळलात तिथेच घात झाला. थरथर फळीची होती, स्क्रूची नव्हती.

माझ्याकडे सुताराने केलेलं टेबल आहे, १८ मिमीच प्लाय, वर सनमायका. तरी मी क्लॅम्पखाली १२ मिमी प्लायचा १५ बाय २० सेंमीचा तुकडा ठेवला आहे आणि वरून पोलादी पट्टी. जोर पसरला की फळीला काही होत नाही. चार वर्षं झाली.

आर्मच्या खोक्यावर 'टेबलाची जाडी अमुक ते अमुक मिमी' एवढंच छापतात. त्या आकड्याचा अर्थ जबडा तेवढा उघडतो, इतकाच. फळी भार झेलेल असा नाही. लोक नेमकं हेच उलटं वाचतात.

निळी शाई
चौथा मजला, तुमच्या घरी ते टेबल एकटे तुम्हीच वापरत असणार, म्हणून पाट पुरतो. आमच्याकडे दिवसा मी (पाच फूट), रात्री लेक (पाच अकरा). पाटाची उंची दोघांपैकी एकालाच मानवते. दर संध्याकाळी पाट काढा-घाला कोण करणार? आर्मला एका बोटाने वर ढकललं की झालं.

शिवाय स्टँडचा तो पसरट पाय! ६० सेंमी खोलीच्या टेबलावर तो गेला की वही, चहाचा कप आणि कीबोर्ड यांच्यात मारामारी. आर्म लावल्यावर पहिल्यांदा माझी वही सरळ उघडी राहिली. याला हौस म्हणायचं असेल तर म्हणा.

चौथा मजला
निळी शाई, तुमचा मुद्दा दोन माणसांचा आहे, तो मान्य. पण उंची बदलणारा स्टँड असलेले मॉनिटरही मिळतातच की. खरेदीच्या वेळी थोडे जास्त पैसे घातले की वर-खाली होतो, आडवा-उभा फिरतो. नुसता मागेपुढे कलणारा स्वस्त मॉनिटर घ्यायचा आणि मग त्याला आर्म जोडायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

बायफोकल
'स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत' हा मंत्र सगळीकडे वाचायला मिळतो. मीही पाळला. दीड महिना मान मागून धरली. शेवटी चष्मेवाल्यानेच विचारलं, कॉम्प्युटर कुठल्या काचेतून बघता? बायफोकलचा जवळचा नंबर खालच्या भागात. स्क्रीन उंच असला की हनुवटी वर करून त्या भागातून बघावं लागतं. दिवसभर छताकडे बघितल्यासारखं.

माझ्या मॉनिटरचा स्टँड हवा तितका खाली जातच नव्हता. आर्म घेतला आणि स्क्रीन टेबलाला जवळजवळ टेकवला, वरून जरा मागे कलवला. तेव्हा पाटाचा सल्ला सरसकट देऊ नका. चाळिशी उलटलेल्यांना तो उलटा पडतो.

ठाणे स्लो
मी चौथ्या मजल्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. आर्मचं कोपर मागे जातं हे कोणी सांगत नाही. फोटोत मॉनिटर भिंतीला चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात दोन दांड्यांचा आर्म घडी झाला की मधला सांधा टेबलाच्या मागे बाहेर येतो. माझं टेबल भिंतीला लागून. ते २० सेंमी पुढे ओढावं लागलं, आणि दहा बाय दहाच्या खोलीत २० सेंमी म्हणजे कपाटाचं दार अर्धंच उघडतं.

दुसरं, टेबलाच्या मागच्या कडेखाली लोखंडी चौकोनी पाइप आहे. क्लॅम्पचा जबडा आत जाईना. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे 'सगळ्या टेबलांना बसतो'. भिंतीवर लावावं तर घर भाड्याचं, मालक खिळा ठोकू देत नाहीत.

सुतारपक्षी
@ठाणे स्लो, क्लॅम्प बाजूच्या कडेला लावून पाहिलात का? कोपर मग खोलीच्या बाजूला वळवता येतं. किंवा वायरींसाठी टेबलाला गोल भोक असेल तर त्यातून बोल्ट घेऊन बसवता येतो. बऱ्याच आर्मसोबत तो बोल्टही येतो, लोक खोक्यातच ठेवून देतात. खाली पाइप आडवा येत नाही ना, ते मात्र आधी चाचपून बघा.

काच असलेल्या टेबलावर कोणीही क्लॅम्प लावू नका. त्यात वादाला जागा नाही.

निळी शाई
लावणाऱ्यांसाठी एक अनुभव. मागच्या महिन्यात साफसफाईला मॉनिटर आर्मवरून सोडवला. आर्म तेव्हा खाली होता. वजन सुटताच तो सटकन वर आला आणि माझ्या चष्म्याची एक काडी गेली. डोळा वाचला. आर्म आधी सर्वांत वर न्यायचा, मगच मॉनिटर काढायचा, हे लेकाने नंतर शांतपणे सांगितलं.

ताण जमवणंही लोक अर्धवट सोडतात. सांध्यावर एलन कीचा (षटकोनी चावीचा) स्क्रू असतो, शेजारी अधिक-उणे कोरलेलं. स्क्रीन आपोआप खाली बसत असेल तर अधिककडे, वर चढत असेल तर उणेकडे. आमचा जुना २४ इंची इतका हलका निघाला की ताण पार कमी केला तरी वरच पळायचा. आर्मच्या वजनाची खालची मर्यादाही बघावी लागते, हे तेव्हा कळलं.

बायफोकल
आणि आर्म जोडायची मॉनिटरच्या मागची चार भोकं! भावाने आर्म आणला, घरी येऊन बघतो तर मॉनिटरला भोकंच नाहीत. ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिमीची चौकट असली तर एम-४ स्क्रू सरळ बसतात. भोकं खोबणीत असतील तर मध्ये स्पेसर (जागा भरणारा छोटा नळीसारखा तुकडा) लागतो. हाती आला तो लांब स्क्रू पिळत बसू नये, आत पॅनेल असतं.

चौथा मजला
बायफोकल, पाटाचा सल्ला सरसकट दिला, ते मागे घेतो. बाकी माझं मत बदललेलं नाही. २९ किलोचा जोर येणार असेल तर तो खोक्यावर छापा, नाहीतर प्लायचा तुकडा सोबत द्या. घेणाऱ्याने बेरीज-गुणाकार करत बसायचा का?

सुतारपक्षी, तरी एक विचारतो. भुसा निघालेल्या जागी तुकडा ठेवून पुन्हा लावता येईल का?

सुतारपक्षी
त्या जागी नाही. फुटापेक्षा जास्त बाजूला सरका, तुकडा खाली आणि वर दोन्हीकडे द्या, आणि आर्म पूर्ण पुढे ताणू नका. आठवड्याने स्क्रू एकदा हाताने बघा. ढिला असेल तरच आवळा, थरथर आहे म्हणून नाही.

चौथा मजला
कोपऱ्यावरच्या प्लायवाल्याकडून १५ बाय २० चे दोन तुकडे आणले. पैसे घेतले नाहीत त्याने, कचऱ्यातलेच होते. रविवारी लावतो. तसंही पाट सोडावाच लागणार आहे. आईने आज दोनदा विचारलं, गणपती कशावर बसवायचा.