मेडिकलसाठी यूकॅसचं पर्सनल स्टेटमेंट: 6200 अक्षरांचं 4000 कसं करायचं?

घोडबंदरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भाची ठाण्यात ए-लेव्हलच्या (बारावीच्या तोडीचा ब्रिटिश अभ्यासक्रम) शेवटच्या वर्षाला आहे. बायो, केमिस्ट्री, मॅथ्स. यूकॅसमधून (यूकेतल्या कॉलेजप्रवेशाची सामाईक अर्जव्यवस्था) इंग्लंडमधल्या चार मेडिकल स्कूलना अर्ज करायचा आहे. यूकॅट (तिकडची मेडिकलची प्रवेशपरीक्षा) देऊन झाली. आता अडलंय ते पर्सनल स्टेटमेंटवर, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या मजकुरावर.

मसुदा 6200 अक्षरांचा झालाय. सुरुवात "लहानपणापासून मला डॉक्टर व्हायचं होतं" अशी. मग आजोबांची बायपास, कळव्याला टीबीच्या ओपीडीत दहा दिवस बसून केलेलं निरीक्षण, वाशीतल्या एका वृद्धाश्रमात आठ महिने दर रविवारी काम, एका खासगी दवाखान्यात आठवडाभर "पेशंटचं बीपी घेतलं, ड्रेसिंग केलं", बायोचं ऑलिम्पियाड, ढोल-ताशा पथक, भरतनाट्यम, शाळेची हेड गर्ल. सगळं खरं आहे, म्हणून कुठे कात्री लावावी ते कळत नाही. एका क्लासने "आम्ही लिहून देतो" असंही सांगितलंय. जाणकारांनी कृपया नीट सांगावं.

खाडीपलीकडे

आधी रचना समजून घ्या, म्हणजे निम्मी कापाकापी आपोआप होईल. 2026 च्या प्रवेशापासून यूकॅसने एकसंध निबंध बंद करून तीन प्रश्न दिलेत. पहिला: हा विषय का शिकायचाय? दुसरा: आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली? तिसरा: शिक्षणाबाहेर आणखी काय केलंत आणि ते उपयोगी का आहे? तिन्ही मिळून 4000 अक्षरं, स्पेस धरून. प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं हवं. छापील प्रश्न या मोजणीत येत नाहीत.

4000 म्हणजे इंग्रजीत साधारण सव्वासहाशे शब्द. मेडिकलसाठी मी पहिल्याला 900 ते 1000, दुसऱ्याला 1000 ते 1100 आणि उरलेलं तिसऱ्याला देईन, कारण रुग्णांच्या जवळ राहून केलेलं काम तिथेच येतं. वाचणारा तिन्ही उत्तरं सलग वाचतो. एकच अनुभव दोन ठिकाणी लिहिला की तेवढी जागा वाया.

आता तिच्या मसुद्याबद्दल. सगळ्यात आधी खासगी दवाखान्यातलं बीपी आणि ड्रेसिंग काढा. आपल्याकडे अशा गोष्टी कौतुकाने करू देतात, पण तिकडचा परीक्षक ते वाचून विचारतो की प्रशिक्षण नसलेल्या मुलीने रुग्णाला हात लावला तेव्हा त्या रुग्णाची संमती होती का, आणि हे चुकीचं आहे असं तिला वाटलं का नाही. हे वाक्य गुण मिळवून देत नाही, उलट इंटरव्ह्यूत अंगावर येतं. त्या आठवड्यात तिने नुसतं पाहून काही टिपलं असेल तर तेवढंच ठेवावं.

दुसरं, ओपीडीचे दहा दिवस. दिवस मोजून दाखवण्यात अर्थ नाही. दहा दिवसांतला एकच प्रसंग घ्यावा आणि तीन गोष्टी सांगाव्या: काय पाहिलं, त्यातून कोणता प्रश्न पडला, त्या प्रश्नाचं पुढे काय केलं. तिसरी गोष्ट बहुतेक मसुद्यांत नसते, आणि नेमकी तीच मुलाची तयारी दाखवते. उदाहरण मराठीत देतो, तिने तिच्या अनुभवातून इंग्रजीत लिहावं.

कच्चं: "टीबीच्या ओपीडीत मला सहानुभूती आणि संवादाचं महत्त्व कळलं."

पक्कं: "दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून एका रुग्णाने गोळ्या सोडल्या होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. गोळ्या घ्यायला कोणती वेळ अडचणीची जाते, एवढंच त्यांनी विचारलं. तो शिफ्टमध्ये काम करायचा. त्यांनी वेळ बदलून दिली. बरं वाटत असताना उपचार सहा महिने का चालू ठेवायचे, हे मी नंतर वाचलं: पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढणारे बहुतेक जंतू मरतात, सुस्त जंतू मागे उरतात, आणि औषध मध्येच सोडलं की रोग उलटतो, प्रतिकारक्षम जंतूंना वाव मिळतो. त्यामुळे डॉक्टरांचा तो साधा प्रश्न उपचाराचाच भाग होता, हे लक्षात आलं."

दुसऱ्यात "सहानुभूती" हा शब्द कुठेही नाही, तरी ती दिसते. इंग्रजीत हे सहाशे अक्षरांच्या आत बसतं. असे दोन प्रसंग पुरे, तिसऱ्याला जागा नाही.

रुग्णाची ओळख जपायला हवी. नाव तर नकोच, पण वय, व्यवसाय, वस्ती आणि आजार एकत्र आले की ओळखीचा माणूस सहज ताडतो. म्हणून वर "शिफ्टमध्ये काम करणारा" एवढंच लिहिलंय.

क्लासचं विचाराल तर स्पष्ट नाही म्हणा. यूकॅस प्रत्येक स्टेटमेंट आधीच्या साठ्याशी ताडून पाहतं आणि साम्य आढळलं की युनिव्हर्सिट्यांना कळवतं. अर्ज करताना "हे माझं स्वतःचं लेखन आहे, कुठून उतरवलेलं किंवा एआयकडून घेतलेलं नाही" असं मुलीला मान्य करावं लागतं. त्याहून मोठा धोका इंटरव्ह्यूचा. एमएमआयमध्ये (एकामागून एक छोट्या मुलाखतींची फेरी) एकेका टेबलाशी काही मिनिटंच मिळतात, आणि तिथे "तुम्ही लिहिलेला तो टीबीचा प्रसंग सांगा" म्हटल्यावर दुसऱ्याने लिहिलेलं तोंडातून निघत नाही.

पारसिकची पायवाट

वरच्याशी बहुतेक सहमत. एका गोष्टीवर थोडं वेगळं मत आहे.

आजोबांची बायपास लगेच उडवू नका. घरातला आजार हे कारण घासून गुळगुळीत झालंय हे खरं, पण कारण खोटं नसतं, मांडणी गुळगुळीत असते. "आजोबांना वाचवलं म्हणून मला डॉक्टर व्हायचंय" यातून डॉक्टरच का, नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट का नाही, याचं उत्तर मिळत नाही. पहिल्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. आजोबांच्या आजारात तिला निदान, अनिश्चिततेत निर्णय घेणं, जबाबदारी स्वतःच्या शिरावर असणं यांपैकी कशाने ओढलं? ते दोन वाक्यांत सांगता आलं तर आजोबा राहू देत. नाही तर ओपीडीच पुरेशी आहे. "लहानपणापासून" मात्र जायलाच हवं. त्या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

वृद्धाश्रमाचे आठ महिने ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि तुमच्या पत्रात त्याला एकच ओळ मिळालीय! मेडिकलच्या निवडीत हॉस्पिटलातल्या चार दिवसांपेक्षा सातत्याने केलेली सेवा वजनदार ठरते, कारण कंटाळा, थकवा, तेच तेच बोलणं हे सगळं त्यात येतं. ती नक्की काय करायची? जेवण भरवणं, गोष्टी वाचून दाखवणं, ऐकू न येणाऱ्याशी बोलणं? स्मृतिभ्रंश झालेल्या आजींशी बोलताना तिने काय बदललं? प्रश्न छोटे केले, समोर बसून बोलली, त्यांच्या चुकीच्या आठवणीला दुरुस्त करणं थांबवलं. असा बारीक तपशील द्यावा. यूकेतल्या मेडिकल स्कूल्स कौन्सिलने मेडिकलसाठी लागणाऱ्या मूल्यांचं आणि गुणांचं निवेदन प्रसिद्ध केलंय. ते वाचून घ्यावं, पण त्यातले शब्द उचलून चिकटवू नयेत. कोणता गुण कोणत्या प्रसंगातून दिसतो एवढंच मनात ठेवावं.

ढोल-ताशा पथक ठेवावं, भरतनाट्यम काढावं. नाच कमी दर्जाचा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही; दोन्हींना जागा नाही आणि पथकात दुसऱ्यांवर अवलंबून राहण्याचा अनुभव आहे. पण तिकडच्या वाचकाला "पथक" कळणार नाही. नावापुढे पाच-सहा शब्दांत ओळख द्यावी, म्हणजे गणेशोत्सवात मिरवणुकीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद, आणि लगेच तिचं काम: नवख्यांना ताल शिकवणं, कोणी दमला तर बदली उभी करणं. हेच "ओपीडी", "म्युनिसिपल हॉस्पिटल" या शब्दांनाही लागू. तिथे रोज किती गर्दी असते, एका रुग्णाला किती मिनिटं मिळतात हे तिने स्वतः पाहिलं असेल तर ते लिहावं. तिकडच्या वाचकाला ते अनोळखी आहे आणि तिच्याकडे ते आयतं आहे.

हेड गर्ल एका अर्ध्या वाक्यात, किंवा शाळेच्या रेफरन्समध्ये (शिफारसपत्रात). रेफरन्स शिक्षक लिहितात. पदं, बक्षिसं तिथे घालायला सांगा, इथली जागा वाचते. ऑलिम्पियाड दुसऱ्या प्रश्नात जाईल, पण "निवड झाली" एवढंच नको, त्या तयारीत शाळेच्या पुस्तकापलीकडचं कोणतं प्रकरण आवडलं ते हवं. मार्क लिहू नयेत, ते अर्जात वेगळे असतात.

सानपाडा_सातवी_गल्ली

अमेरिकेचा विषय आला नाही तरी थोडक्यात लिहितो, कारण इथे वाचणाऱ्यांची गल्लत होते. तिकडे बारावीनंतर थेट एमडी (तिकडची डॉक्टरकीची मूळ पदवी) नसतं, आधी पदवी लागते, आणि बरीचशी एमडी कॉलेजं परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत. एएमकॅसचा (तिकडच्या एमडी कॉलेजांची सामाईक अर्जव्यवस्था) निबंध 5300 अक्षरांचा, त्याशिवाय जास्तीत जास्त 15 अनुभव, प्रत्येकी 700 अक्षरं, त्यातल्या तीन सर्वांत महत्त्वाच्यांना प्रत्येकी आणखी 1325. म्हणजे तिकडे यादीला वेगळी जागा आहे. यूकॅसमध्ये ती नाही, म्हणून अमेरिकन नमुने वाचून इकडचं लिहिलं की गोष्ट मोठी होते आणि विचार राहून जातो.

दुसरं: भाचीला पुढे भारतात प्रॅक्टिस करायची शक्यता ठेवायची असेल तर 'नीट' या प्रवेशपरीक्षेची पात्रता हवी आणि एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) 2021 च्या नियमांतल्या अटी (किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, 12 महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम) निवडलेल्या कॉलेजशी ताडून पाहायला हव्यात. स्टेटमेंटशी याचा संबंध नाही, पण कॉलेजं ठरवण्याआधी हे बघा.

घोडबंदरकर

खूप आभार. वृद्धाश्रमाबद्दल तिला आत्ताच विचारलं. एक आजी संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभ्या राहायच्या, आणि ही त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारत परत आत आणायची, असं ती म्हणाली. हे मसुद्यात नव्हतंच! आणखी दोन शंका. यूकॅसमध्ये एकूण पाच पर्याय भरता येतात, त्यात मेडिकलचे चारच चालतात, मग पाचव्या पर्यायाचं काय? आणि शेवटच्या दिवसाचा हिशोब कसा?

खाडीपलीकडे

ती आजींची गोष्ट ठेवा, तिसऱ्या उत्तराची सुरुवात तिथूनच करा. त्यासोबत तिने एकदा थांबून वाचावं की संध्याकाळी गोंधळ का वाढतो आणि "घर तर केव्हाच गेलं" असं सांगण्यापेक्षा बोलण्याची दिशा बदलणं का बरं. हे वाचन नेमकं तिचं पुढचं पाऊल होईल.

पाचवा पर्याय मेडिकलचा नसतो; साधारण बायोमेडिकल सायन्स घेतात. स्टेटमेंट पाचही ठिकाणी एकच जातं, म्हणून त्यात कोणत्याही कॉलेजचं नाव घालू नये आणि पाचव्यासाठी मजकूर वाकवू नये. फक्त पाचव्या कॉलेजने मेडिकलचं स्टेटमेंट चालेल असं साइटवर म्हटलंय का ते बघा.

मुदत 15 ऑक्टोबर, यूकेच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी 6. तेव्हा तिकडे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. पण तो हिशोब तुमच्या कामाचा नाही. शाळा यूकॅस सेंटर (यूकॅसकडे नोंदलेली शाळा) असेल तर मुलीने पाठवलेला अर्ज आधी शाळेकडे जातो, शाळा रेफरन्स आणि अपेक्षित ग्रेड जोडते, मग पुढे जातो. आपल्याकडे त्याच सुमाराला नवरात्र, सहामाही परीक्षा. शाळेला सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात द्या.

कापण्याचा क्रम असा ठेवा: आधी अख्खे प्रसंग, मग वाक्यं, शेवटी शब्द. उलटं केलं की सगळंच आक्रसतं आणि काहीच सुटत नाही. 2200 अक्षरं शब्द काढून कमी होत नाहीत. खासगी दवाखाना, भरतनाट्यम, हेड गर्ल आणि सुरुवातीचा परिच्छेद गेला की बहुतेक काम झालं. त्यानंतर "मला असं वाटतं", "या अनुभवातून मी शिकले" असल्या सुरुवाती काढा. प्रत्येकी वीस-पंचवीस अक्षरं मिळतात.

मजकूर वर्डमध्ये लिहून तिथली स्पेससकटची मोजणी बघा, मग यूकॅसच्या खिडकीत चिकटवून पुन्हा बघा. ओळ तोडली तरी अक्षर मोजलं जातं, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे थोडे वेगळे येतात. ठळक किंवा तिरपा मजकूर तिथे टिकत नाही. 3950 च्या आसपास थांबा, म्हणजे शेवटच्या दुरुस्तीला जागा राहते. आणि चिकटवल्यावर तिन्ही खिडक्या एकदा तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे ती अडखळेल, ते वाक्य तिचं नाही.