पेनड्राइव्ह एका यंत्रात चालतो, दुसऱ्यात अडतो: तुमचे अनुभव लिहा

पेनड्राइव्ह घेताना आपण किती जीबीचा ते बघतो, फॉरमॅट, म्हणजे आत फाइली मांडून ठेवायची पद्धत, कुणीच बघत नाही. फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस या फॉरमॅटांपायी कुठे अडलं, काय मार्ग निघाला, ते लिहा. नुसतं 'चालला नाही' नको. कुठल्या यंत्रात ते सांगा.

शूटिंगवाला
गिऱ्हाईक ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह आणून देतं. साडेपाच जीबीचा लग्नाचा व्हिडिओ टाकायला जावं तर 'फाइल फार मोठी आहे'. जागा असते हो! पण फॅट३२ फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवतं, त्यात ४ जीबीपुढचा आकडा मावतच नाही. एक्सफॅट करून दिला की फाइल जाते, आणि चार दिवसांनी फोन येतो, 'टीव्हीवर काहीच दिसत नाही.' जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. म्हणून आता आधी टीव्ही कुठला ते विचारतो. जुना असेल तर फॅट३२ ठेवून हळद, लग्न, रिसेप्शन अशा वेगळ्या फाइली देतो. घरातल्या आज्यांना तेच बरं पडतं, थेट मंगलाष्टकांवर जाता येतं.

गाणीवेडी
मॅकवरून गाणी भरली. गाडीत प्रत्येक गाणं दोनदा दिसायचं आणि त्यातलं एक वाजायचंच नाही. मॅक फॅट३२ वर टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली सोडतो, स्टिरिओ त्यांनाच गाणी समजतो. त्या पुसल्यावर यादी सरळ झाली. आणखी एक: मॅकवर फॉरमॅट करताना स्कीम 'मास्टर बूट रेकॉर्ड' निवडा. दुसरी निवडली तर आमच्या स्टिरिओला पेनड्राइव्ह लावल्याचाही पत्ता नसतो.

फ्लेक्सवाला
आमच्या डिझायनरचा मॅक. एनटीएफएस पेनड्राइव्हमधली फाइल उघडते, दुरुस्ती करून परत त्यातच सेव्ह होत नाही. वाचायची मुभा, लिहायची नाही. आम्ही सरळ मेल करायला सांगतो.

उबंटूकर
शाळेतल्या जुन्या उबंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) एक्सफॅटसाठी वेगळं पॅकेज टाकावं लागायचं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा आराखडा खुला केला, त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ कर्नेलमध्ये (गाभ्यातच) सोय आली. नव्या यंत्रांवर प्रश्नच नाही.

हिशेबनीस
'सगळं एक्सफॅट करा' असं कुणी सांगितलं तर मला पटत नाही. लिहिणं चालू असताना कुणी पेनड्राइव्ह उपटला (ऑफिसात उपटतातच), तर एक्सफॅटकडे सावरायला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही, एनटीएफएसकडे आहे. विंडोज ते विंडोज असेल तर मी एनटीएफएसच ठेवतो. फॅट३२ वरून तिकडे जायला 'कन्व्हर्ट' कमांड आहे, डेटा पुसावा लागत नाही. तरी आधी कॉपी काढून ठेवा. उलट यायचं तर मात्र फॉरमॅटच.