ऑनलाइन सह्यांच्या मोहिमांनी खरंच काही फरक पडतो का?

निवांत_पण_चिडका:
दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी पिटिशनची लिंक पाठवतं, आपण नाव टाकतो, फॉरवर्ड करतो आणि मग त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारतसुद्धा नाही. एका ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली, एक पार्टी म्हणते हे बसल्या जागचं आंदोलन, दुसरी म्हणते अहो इजिप्तमध्ये फेसबुकने सरकार पाडलं. मला दोन्ही अर्धवट वाटतं. कधी चालतं आणि कधी नुसताच धुरळा उडतो, कुणी सांगेल का? (ज्ञान नको प्लीज, उदाहरणं द्या.)

चष्मिष:
सह्या किती झाल्या ते सोडा, बटण दाबल्यावर त्या जातात कुठे ते बघा. २०१५ ला नेट न्यूट्रॅलिटीवर (म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या साइट्सना कंपन्यांनी सारखंच वागवायचं) ट्रायने, म्हणजे आपल्या टेलिकॉम नियामकाने, लोकांची मतं मागवायला २० प्रश्नांचा भलामोठा कन्सल्टेशन पेपर काढला, तो अख्खा वाचणार कोण? तर काही लोकांनी बसून सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार केली, साइटवर टाकली, आपण ती हवी तशी बदलून आपल्याच मेलवरून थेट ट्रायला पाठवायची. दहा लाखांच्या वर मेल गेले. खरी गंमत पुढे आहे. वर्षअखेरीस फेसबुकनेही फ्री बेसिक्ससाठी (काही ठरावीक साइट्स फुकट देणारी त्यांची योजना) हाच फंडा वापरला, लाखो रेडिमेड मेल, पण ट्रायने जे विचारलं होतं त्याचं उत्तरच त्यात नव्हतं आणि ट्रायने तसं उघड सुनावलं. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या कंटेंटसाठी वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी आली.

बाराखडी_७:
सहमत. अमेरिकेत 'सोपा' (SOPA, ऑनलाइन पायरसी रोखण्यासाठीचं) विधेयकाच्या वेळी हेच झालं, १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद होता. उघडलं की काळं पान, त्यात झिप कोड टाकायची जागा, टाकला की तुमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींचे नंबर समोर. लोकांनी फोन करकरून भंडावून सोडलं आणि दोन दिवसांत विधेयक बाजूला ठेवलं गेलं.

उलटतपासणी:
हे सगळं ठीक, पण ही उदाहरणं ऐकून घेणाऱ्या व्यवस्थेतली आहेत. जिथे ऐकणारंच कुणी नाही तिथे काय मेल पाठवणार? इजिप्तचं म्हणाल तर पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या खालेद सईदच्या नावाने फेसबुक पेज होतं, २५ जानेवारी २०११ ची हाक तिथूनही गेली, हे खरं. पण सरकारने २७ च्या रात्रीपासून इंटरनेटच बंद केलं आणि २८ ला, शुक्रवारी, गर्दी उलट वाढली. नमाज संपली की लोक मशिदींतून थेट रस्त्यावर. शेवटच्या दिवसांत कामगारांचे संप सुरू झाले, ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक गेले. मग निवडणुकीत कोण पुढे? ज्यांची गल्लोगल्ली जुनी बांधणी होती ती मुस्लिम ब्रदरहूड ही इस्लामी संघटना, आणि २०१३ ला परत लष्कर. पेजवाल्यांच्या हातात काय राहिलं सांगा.

काजवा:
आणि कधीकधी नुकसानच होतं राव. २ जून २०२० ला ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांविरुद्धचं आंदोलन) पाठिंब्यासाठी सगळ्यांनी इन्स्टावर काळे चौकोन टाकले. हेतू चांगला, पण तोच हॅशटॅग लावल्यामुळे आंदोलनाची, मदतीची माहिती त्याखाली गडप झाली. शेवटी आंदोलकच म्हणायला लागले, बाबांनो तो टॅग काढा.

निवांत_पण_चिडका:
हे माहीतच नव्हतं. मग हाँगकाँगवाल्यांचं काय? त्यांचा तर नेताच नव्हता म्हणतात.

उलटतपासणी:
ठळक नेता नव्हता. २०१९ मध्ये टेलिग्रामवर मतदान घ्यायचे, इथेच थांबायचं की पांगायचं, आणि त्यावर ठरवायचे. उचलायला एक म्होरक्या नाही हा फायदा. पण वाटाघाटीला कुणाला बसवणार, आणि तो जे कबूल करेल ते बाकीचे मानणार का? मागण्या पाच होत्या, मान्य झाली एकच, आरोपींना चीनच्या हवाली करू देणारं प्रत्यार्पणाचं विधेयक मागे घेण्याची, तीही सप्टेंबरात. पुढच्या वर्षी बीजिंगने विरोध चिरडणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणला.

चष्मिष:
@उलटतपासणी, नेता असता तर तो कायदा आला नसता असं म्हणायचंय का? निर्णय बीजिंगमध्ये होत होता, समोर कुणीही बसला असता तरी तेच. हे टेलिग्रामच्या माथी मारू नका.