चौकातले पट्टे डांबराखाली गेले, नो एंट्रीची पाटी फांदीमागे – कायद्याने काम कोणाचं, अर्ज कुठे करू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात कोथरूड भागात राहते. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असे चौक शहरात ढिगाने असतील आणि मला नियम नीट समजून घ्यायचाय.

झालंय असं की उन्हाळ्यात आमचा रस्ता नव्याने डांबरी केला, काम चांगलं झालं, पण जुने झेब्रा पट्टे आणि स्टॉप लाइन त्या थराखाली गेले ते परत मारलेलेच नाहीत. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला दवाखाना, आणि सिग्नल लाल झाला तरी गाड्या वाटेल तिथे पुढे येऊन थांबतात कारण थांबायचं कुठे हे रस्त्यावर लिहिलेलंच नाही! माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या दोन रिक्षांच्या फटीतून वाट काढत निघतात आणि निम्म्यात पोचेपर्यंत गाड्यांचा सिग्नल हिरवा होतो. मी सोबत असले तरी जीव मुठीत धरूनच जातो आम्ही.

त्यातच डावीकडच्या गल्लीला नो एंट्री आहे पण ती गोल पाटी गुलमोहराच्या फांदीमागे गेलीय आणि खाली वाढदिवसाचा फ्लेक्स, नवीन माणूस सरळ आत शिरतो आणि समोरून येणाऱ्याशी वाद. आणि आता सोसायटीतल्या दोघांना स्टॉप लाइन ओलांडली म्हणून मोबाइलवर चलन आलंय, याच चौकातलं.

एका कार्यालयात विचारलं तर हे आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे गेलो तर पहिल्या ठिकाणीच जा. म्हणून विचारतेय, पट्टे, पाटी आणि सिग्नल ही कायद्याने कोणाची जबाबदारी? पाटी दिसतच नसेल तर ती पाळायचं बंधन कसं काय? अर्जात नेमकं काय लिहू म्हणजे तो बाजूला टाकता येणार नाही?

कोर्टाच्या_वाटेवर
ताई, मी वकिली करतो, जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ उघडा आणि कलम ११६ वाचा. वाहतुकीची चिन्हं लावायचा अधिकार राज्य सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाला आहे (राष्ट्रीय महामार्गांवर महामार्ग प्राधिकरणालाही), आणि चिन्हाचा आकार, रंग, अर्थ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलाय तसाच पाहिजे. म्हणजे दुकानदाराने स्वतः रंगवून शटरसमोर लावलेली नो पार्किंगची पाटी ही त्याची विनंती झाली, कायद्याचं चिन्ह नाही.

आता कलम ११९, हे चालकासाठी. सक्तीची चिन्हं पाळलीच पाहिजेत, सिग्नलचा दिवा आणि पोलिसाचा इशारासुद्धा. पण सक्तीचं चिन्ह म्हणजे ११६ खाली रीतसर लावलेलं, ढोबळमानाने लाल कडेचं गोल. लाल कडेचा त्रिकोण हा पुढच्या धोक्याचा इशारा, निळा चौकोन माहितीचा. सक्तीचं चिन्ह मोडलं तर बहुतेक वेळा कलम १७७ लागतं, पहिल्यांदा ५०० आणि नंतर १५०० रुपयांपर्यंत. लाल दिवा तोडणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये, धोकादायक गाडी चालवण्यातसुद्धा येऊ शकतं, ते प्रकरण बरंच जड आहे.

तुमच्या पाटीसाठी महत्त्वाचं वाक्य ११६ मध्येच आहे. चिन्ह झाकणारी किंवा चिन्हासारखीच दिसून फसवणारी जाहिरात काढून टाकायचा अधिकार राज्य सरकार अधिसूचना काढून पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या पोलीस अधिकाऱ्याला देऊ शकतं. अर्जात हे कलम लिहा, नुसतं "फ्लेक्समुळे त्रास होतो" असं लिहू नका.

चलनाचं म्हणाल तर ते आपोआप रद्द होत नाही, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ ला १६७अ हा नियम आलाय. कॅमेऱ्याच्या चलनासोबत गुन्हा स्पष्ट दिसेल असा फोटो, नंबर प्लेट, तारीख, वेळ, जागा आणि कुठली तरतूद मोडली हे सगळं लागतं, नोटीसही घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते. आणि कॅमेऱ्याची देखरेख असलेल्या भागाआधी ठळक सूचना फलक लावणं राज्य सरकारवर आहे. स्टॉप लाइनच्या चलनाच्या फोटोत लाइनच दिसत नसेल तर हाच तुमच्या शेजाऱ्यांचा मुद्दा. तो फोटो आजच सेव्ह करून ठेवायला सांगा आणि मान्य नसेल तर दंड भरायच्या आधी महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकायला सांगा, कारण एकदा भरला की विषय मिटला असंच धरतात.

डांबरवाला_काका
मी रस्त्याच्या कामातून रिटायर झालोय. आधी रस्ता कोणाचा ते बघा. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेच्या पथ विभागाकडे, कात्रज देहूरोड बायपास राष्ट्रीय महामार्गाचा, कॅम्प आणि खडकीतले बरेचसे कॅन्टोन्मेंटचे. एकेरी, नो एंट्री, नो पार्किंग हे ठरवायचा आदेश वाहतूक पोलिसांकडून निघतो, पण खांब, पाटी, रंग हा खर्च आणि काम रस्त्याच्या मालकाचं. तुम्हाला इकडून तिकडे पाठवलं ते या दोन टोकांमुळे, म्हणून एकच अर्ज दोघांनाही द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या.

पट्ट्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ३५ हे मानक आहे, पाट्यांसाठी आयआरसी ६७. चांगल्या कामात थर्मोप्लास्टिक गरम करून मारतात आणि वरून काचेचे बारीक मणी टाकतात, त्यामुळे रात्री हेडलाइटमध्ये चमकतं. ओल्या रस्त्यावर ते धरत नाही म्हणून पावसाळ्यात थांबावं लागतं हे खरं, पण कोरडे दिवस आल्यावर कारण उरत नाही. आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो की डांबराचं बिल निघतं आणि पट्टे राहून जातात. त्या कामाच्या एस्टिमेटमध्ये पट्टे होते का आणि मेजरमेंट बुकमध्ये (झालेलं काम मोजून नोंदवायची वही) मोजून लिहिलेत का, एवढं विचारलंत की चित्र स्पष्ट होईल.

(धागाकर्ती)
काका, मेजरमेंट बुक हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. सासूबाईंना अर्ध्यात गाड्यांचा हिरवा लागतो, त्याबद्दल काही मागता येतं का?

डांबरवाला_काका
येतं ना. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. रस्ता १८ मीटर रुंद असेल तर नुसत्या चालण्याचे १५ सेकंद, त्यावर पाऊल उचलेपर्यंतचा वेळ वेगळा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना हा वेग झेपणार नाही. रस्ता टेपने मोजा, पादचाऱ्यांचा दिवा किती सेकंद हिरवा राहतो ते घड्याळ लावून लिहा, समोर दवाखाना आणि शाळा आहे हे लिहा आणि वेळ वाढवून मागा. "वेळ कमी आहे" पेक्षा "१८ मीटरला ११ सेकंद" असं काहीतरी आकड्यात असलं की उत्तर द्यावं लागतं.

माहितीवाला
माहिती अधिकाराचं मी सांगतो. जोडपत्र अ चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत लिहायचं असतं, म्हणून पट्टे आणि नो एंट्री एकत्र करू नका, दोन अर्ज करा. पहिल्यात एस्टिमेटची प्रत, मेजरमेंट बुकची पानं आणि ठेकेदाराने कामातले दोष दुरुस्त करून द्यायची मुदत कधी संपते ते मागा. दुसऱ्यात त्या गल्लीच्या नो एंट्री आदेशाची प्रत मागा. "पट्टे का मारले नाहीत" असं विचारू नका, "का" चं उत्तर ही माहितीच नाही म्हणून अर्ज परत येतो, कागद मागा. मुदतीत उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे.

(धागाकर्ती)
दोन्ही अर्ज सोमवारी देते, सोसायटीतल्या अजून काही जणांच्या सह्याही घेतेय. फांदीचं काय करू, आमचा वॉचमन म्हणतो मीच छाटतो.

माहितीवाला
नको ताई, त्याला आजच थांबवा. शहरात झाड विनापरवानगी छाटणं १९७५ च्या झाडांच्या कायद्यात अडकतं आणि तक्रार उलटी तुमच्यावरच येईल. फांदीचा फोटो लावून उद्यान विभागाला वेगळा अर्ज द्या, फ्लेक्ससाठी आकाशचिन्ह विभागाला (पालिकेचा जाहिरात फलक बघणारा विभाग), आणि दोन्हीत "वाहतुकीचं सक्तीचं चिन्ह झाकलं गेलंय, कलम ११६" हे पहिल्याच ओळीत लिहा.