गाडीतले वाकणारे पडदे: चोचले की कामाची गोष्ट? (मी कामाची म्हणतो)

वाळूजचा मोल्डर

परवा अंबडला सासुरवाडीला गेलो होतो. मेहुण्यानं नवी गाडी घेतलीय, डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पडदा. सासरे पुढं बसले. ऊन मरणाचं, आणि पंखा वाढवायचं बटण काही सापडेना. शेवटी त्यांनी काच खाली केली (तेवढं एक बटण दारावर शाबूत होतं) आणि म्हणाले, "याच्यापेक्षा आपली कमांडर बरी होती." घरभर हशा. जेवताना सगळ्यांचं एकमत झालं की हे पडदे म्हणजे श्रीमंतांचे चोचले.

मी पंधरा वर्षं वाळूजला गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवतो, म्हणून उलटी बाजू मांडतो.

साध्या एलसीडी पडद्याच्या पाठीमागं दिवा असतो आणि पुढचा थर तो उजेड अडवतो किंवा सोडतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागचा दिवाच गेला, म्हणून सगळा पडदा पापडासारखा पातळ. त्यात काचेऐवजी पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकवर थर चढवले की तो वाकतो; त्याला पी-ओएलईडी म्हणतात. कॅडिलॅकनं 2021 च्या एस्कलेडमध्ये असे तीन पडदे जोडून 38 इंचांची वळणदार पट्टी बसवली. तिकडच्या महागड्या गाडीतलं आपल्या काय कामाचं, असं म्हणू नका. एअरबॅगही आधी साहेबांच्याच गाडीत असायची, जुलै 2019 पासून ड्रायव्हरपुढची सक्तीची झाली.

डॅशबोर्ड कधी सपाट नसतो. त्यावर सपाट पडदा बसवला की दुकानाची पाटी ठोकल्यागत दिसतो. वाकणारा असेल तर ड्रायव्हरच्या बाजूला वळवता येतो, वजन कमी, जागा कमी. हाणा आता.

जालना ऑटो इलेक्ट्रिक

मोल्डिंगवाल्यानं कौतुक करायचं आन् निस्तरायचं आम्ही! भाऊ, पहिले स्पीडोमीटर बंद पडला तर केबल बदलायची, अर्ध्या तासात गिऱ्हाईक मोकळं. आता पडदा, वरची काच आन् मधला डिंक असं सगळं एकजीव चिकटवलेलं येतं. एक रेघ उभी राहिली तरी अख्खा संच काढा. मागच्या महिन्यात एकाला कंपनीनं सांगितलेला भाव मी वाचून दाखवला, त्यानं हातातला चहा खालीच ठेवला. आन् तो सपाट पडदा होता. वाकडा असता तर चहा सांडलाच असता.

धुळीचं कामून बोलत नाही कोणी? एप्रिल-मे मधे आपल्याकडं गाडीत बोटभर माती बसते. माणूस खिशातली दस्ती काढतो आन् कोरडाच पुसतो. महिन्याभरात त्या चकचकीत पडद्यावर ओरखडेच ओरखडे, आन् संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं की काही म्हणता काही दिसत नाही.

गेवराईचा सारथी

+1 जालनाभाऊ. मी भाड्याची गाडी चालवतो, धुळे-सोलापूर रस्त्यावर रोजचं येणं-जाणं. एसीचा खटका कुठंय हे माझ्या बोटाला माहीत असतं, डोळ्याला नाही. पडद्यावर बोटाला काहीच लागत नाही. बघावंच लागतं. आणि मी बघतो तेवढ्यात समोर उसाची ट्रॉली, तिला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. बाकी तुमचं कॅडिलॅक तुम्हाला लखलाभ.

लातूरचे मास्तर

वादात पडण्याआधी एक दुरुस्ती, नाहीतर पुढं सगळे चुकीच्याच गोष्टीवर भांडतील.

"पी-ओएलईडी"मधला पी म्हणजे पॉलिमर (लांबलचक साखळीचा रेणू), असं अनेकांना वाटतं. आज गाडीत जे पडदे त्या नावानं येतात त्यात पी प्लास्टिकचा, म्हणजे ज्याच्यावर थर चढवलेत त्या पायाचा. उजेड देणारे रेणू लहानच असतात आणि ते निर्वात पेटीत वाफ करून बसवतात. खरा उजेड देणारा पॉलिमर ही वेगळी गोष्ट. केंब्रिजमध्ये बरोज, ब्रॅडली आणि फ्रेंड यांच्या गटानं पीपीव्ही नावाच्या पॉलिमरमधून वीज सोडून पिवळसर-हिरवा उजेड मिळवला आणि 1990 साली ते प्रसिद्ध केलं. अशा पॉलिमरची गंमत अशी की त्यातले कित्येक द्रावणात विरघळवून शाईसारखे छापता येतात. वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा शोध त्याच्याही आधीचा, त्यासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग छापता येणारा पॉलिमर मागं का पडला? आयुष्यात आणि कार्यक्षमतेत लहान रेणू पुढं निघून गेले. दोघांचं दुखणं मात्र एकच: हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन आत शिरला की काळे डाग पडतात, आणि निळा रंग सर्वांत आधी थकतो. उष्णतेनं हे सगळं लवकर होतं. अ‍ॅरिझोनात 2018 साली मोजलं तेव्हा तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांवर गेला होता. परभणीच्या बसस्टँडसमोर मे महिन्यात काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

वाळूजचा मोल्डर

मास्तर, दुरुस्ती मान्य. पण उष्णतेचं अर्धंच सांगितलंत. गाडीत जाणारा भाग फोनच्या मापानं तपासत नाहीत. उणे 40 पासून 85 अंशांपर्यंत तापवून-गारठवून बघणं ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. शिवाय आता उजेडाचे दोन थर एकावर एक ठेवतात, त्याला टँडम म्हणतात. तेवढ्याच उजेडासाठी प्रत्येक थरावर कमी ताण, म्हणून आयुष्य वाढतं. एलजी डिस्प्लेनं गाड्यांसाठी हे 2019 पासून सुरू केलंय.

सारथीभाऊ, तुमचा राग पडद्यावर आहे की खटके गायब झाले त्यावर? ते दोन गुन्हे वेगळे आहेत. खटका का गेला ते मी सांगतो, कारण आमच्याच लायनीवर गेला. एका खटक्याला साचा लागतो, स्प्रिंग लागते, वायर, कनेक्टर, छापलेलं चिन्ह, आणि बंद पडतो का हे हजारो वेळा दाबून बघायचं मशीन लागतं. असे वीस खटके काढून एका पडद्यात घातले की हिशोबवाला खूश. ही पैशाची बचत आहे. तिला "आधुनिक" असं नाव दिलंय इतकंच. पडदा वाकतो म्हणून खटके गेले नाहीत.

गेवराईचा सारथी

चोर वेगळा आणि चोरीचा माल नेणारी गाडी वेगळी, असं म्हणायलात का? माल तर तिच्यातच गेला ना.

नांदेडची प्रवासी

मला मोल्डरदादांचं पटतंय, पण वेगळ्या कारणानं. नोकरीमुळं मी दर आठवड्याला रात्री एकटी गाडी चालवते. एलसीडी पडद्यावर काळा भागसुद्धा राखाडी चमकत राहतो, कारण मागचा दिवा चालूच. अंधाऱ्या रस्त्यावर तो उजेड डोळ्यांत शिरतो आणि त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं. ओएलईडीत काळं म्हणजे ठिपका बंद. मैत्रिणीची गाडी तशी आहे, समृद्धीवर तिच्या गाडीत रात्री बसले तेव्हा फरक कळला. नुसते आकडे अंधारात लटकल्यासारखे दिसतात.

पण सारथीदादांचं म्हणणंही पुराव्याचं आहे. स्वीडनच्या एका मासिकानं 2022 साली ताशी 110 च्या वेगात ड्रायव्हरला चार साधी कामं सांगितली, हवा गरम करणं, रेडिओ लावणं अशी. खटके असलेल्या 2005 च्या जुन्या व्होल्वोत ती 306 मीटर जाईपर्यंत संपली. पडद्यावाल्या सर्वांत वाईट गाडीला 1,372 मीटर लागले! गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेनं तर 2026 पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक या पाच गोष्टींना खरा खटका नसेल तर गुण कापायचं ठरवलंय. आपल्या भारत एनकॅपनंही ते उचलावं. पडदा ठेवा, वाकवा, गुंडाळा, काय करायचं ते करा, पण वायपरला हात लावू नका.

जालना ऑटो इलेक्ट्रिक

ताई, पाचात एसी नाही. आपल्याकडं एसीच पहिला पाहिजे.

पैठणरोडी

सगळे वापरणाऱ्याचं बोलायलेत, बनवणाऱ्याचं कोणी बोलेना. चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिकडं कामाला होती. ते गेलं. आता बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे कारखाने यायचेत. त्यात पडदा कोरियाचा किंवा चीनचा येणार आणि आपली पोरं चार स्क्रू पिळणार. मोल्डरभाऊ, खटका निदान तुमच्या लायनीवर बनत होता. पडद्यात तुमच्या वाट्याला काय, भोवतीची चौकट?

वाळूजचा मोल्डर

हे लागलं. खरंय, सध्या चौकटच. वळणदार चौकट करायला सपाटपेक्षा जास्त अक्कल लागते एवढंच समाधान.

पण वाकण्याचा खरा उपयोग कुठं आहे तेच सांगायचं राहिलं. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब. छत पेलायला ते जाड करत गेले आणि वळणावर त्यांच्याआड अख्खी मोटरसायकल लपते. कॉन्टिनेंटलनं काही वर्षांपूर्वी एक नमुना दाखवला होता: खांबाच्या आतल्या अंगाला वाकणारा ओएलईडी, बाहेर कॅमेरा, आणि खांबापलीकडचं चित्र खांबावरच. ड्रायव्हरचं डोकं हललं तसं चित्रही सरकतं. तिथं सपाट पडदा चालतच नाही, खांब गोल आहे. डॅशबोर्डवर सिनेमा दाखवण्यापेक्षा मला हे हवंय.

गेवराईचा सारथी

हे मात्र पाहिजे. मांजरसुंब्याच्या घाटात उजवीकडं वळताना मी अर्धा उठून बघतो खांबापलीकडं. गिऱ्हाईक विचारतं, "काय झालं मामा, मुंग्या आल्या का?" पण कॅमेरा चिखलानं भरला तर? मोकळा खांब असला की मला ठाऊक असतं की तिथं दिसत नाही. पडद्यावर रिकामा रस्ता दिसला आणि चित्र अडकलेलं असलं, तर मी बिनघोर वळणार.

लातूरचे मास्तर

हा आजच्या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. चित्र अडकलं तर पडदा आपोआप काळा झाला पाहिजे. ओएलईडीला काळं होणं सोपं आहे, पण चित्र अडकलंय हे ओळखणार कोण?

जालना ऑटो इलेक्ट्रिक

ओळखणार आम्हीच, गाडी टोचन करून आणल्यावर.

वाळूजचा मोल्डर

मास्तरांच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, आमच्या डिझाइनवाल्याला विचारतो.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला होता. सासऱ्यांसाठी त्यानं गाडीला बोलून हुकूम द्यायची सोय चालू करून दिली. सासरे म्हणाले, "पंखा वाढव." गाडीनं जवळच्या इलेक्ट्रिकल दुकानाचा रस्ता दाखवला.